तिच्या जागेवर मी गेलो

नांदेड-लातूरच्या कुठल्याही कॉलेजात 'आंतरसांस्कृतिक शिक्षण' या विषयावर कार्यशाळा असली की मला बोलावतात. घ्यायला गाडी येते, शाल पांघरतात आणि मी तासभर बोलतो. अमेरिकेत मी तीन आठवडे राहून आलोय, एवढ्या भांडवलावर हे चाललंय. ती जागा माझी नव्हती. एका विद्यार्थिनीची होती. हे मी या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सर फार कमी बोलतात, असं लोक माझ्याबद्दल कौतुकानं म्हणतात. कमी बोलण्याखाली किती दडपता येतं, याचा त्यांना पत्ता नाही.

मी मूळचा चाकूरचा. नोकरी नांदेडला, इंग्रजीचा प्राध्यापक. आमच्या कॉलेजच्या मागच्या बाजूला एका खोलीवर 'कम्युनिटी कॉलेज' अशी पाटी आहे. पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं, आणि फाटकी व्हॉलीबॉलची जाळी अजून कोपऱ्यात तशीच पडलेली आहे. सरकारी योजना आली तशी पाटी आली, आणि मोटार वायंडिंग, शिवणकाम, रुग्णसहायक असे तीन अभ्यासक्रम सुरू झाले. आम्ही पगारदार मंडळी त्या खोलीकडे फिरकायचो नाही. तिथल्या मुलांना आम्ही 'मागची पोरं' म्हणायचो. त्यांच्या तोंडावरही.

मग अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या कम्युनिटी कॉलेजनं कुठल्याशा यादीत आमचं नाव पाहून पत्र पाठवलं. दोन्हीकडचे बारा-बारा विद्यार्थी जोडीजोडीनं आठ आठवडे व्हिडिओवर बोलतील. विषय साधे: घर, काम, जेवण, आजारपण. दर आठवड्याला जे कळलं ते वहीत लिहितील. शेवटी आमच्यातल्या एकाला ते तीन आठवड्यांसाठी तिकडे नेतील, जाण्यायेण्यासकट. प्राचार्यांनी पत्र वाचलं आणि त्यांना त्यात एकच शब्द दिसला, आंतरराष्ट्रीय. वर्षाच्या शेवटी मूल्यांकनाची समिती येणार होती. एका दिवसात मागची पोरं पुढं आली आणि मी समन्वयक झालो.

आमच्याकडे पाहुणा आला की त्याचा सत्कार होतो. तो कोण, कशाला आलाय, त्याला काय बोलायचंय, हे सगळं नंतर. आधी शाल, नारळ, हार. पहिल्या व्हिडिओ भेटीची पाहुणी तर सातासमुद्रापलीकडे, टीव्हीच्या पडद्यावर. मी म्हटलं, या वेळी राहू द्या. प्राचार्य म्हणाले, "असं कसं राहू द्या? सत्कार तर करावाच लागंल. आपली संस्कृती हाय ती."

म्हणून सभागृहात टेबलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर मोठा टीव्ही मांडला. टीव्हीला झेंडूचा हार घातला. चौकटीला कुंकू लावलं. पुढं नारळ ठेवला, समई लावली, उदबत्तीचा पुडा फोडला. तिकडच्या समन्वयक बाई हाराच्या मधोमध हसऱ्या चेहऱ्यानं स्थिर बसलेल्या, कारण आवाज अजून जोडला गेला नव्हता. तेवढ्यात आमचे हेडक्लार्क उशिरा आत आले. त्यांनी दारात चपला काढल्या, मान खाली घालून हात जोडले आणि हळूच माझ्या कानाशी आले.

"चांगल्या घरच्या दिसतात बाई. कधी वारल्या?"

मागच्या रांगेत एक मुलगी फस्सकन हसली. नेमका तेव्हाच आवाज जोडला गेला. बाईंनी विचारलं, काय झालं? प्राचार्य घाईनं म्हणाले, मुलांना फार आनंद झालाय. ती मुलगी उठून उभी राहिली आणि मोडक्या इंग्रजीत तिनं सांगून टाकलं, "मॅडम, आमच्याकडं हे मेलेल्या माणसाच्या फोटोला करतात. तुम्ही तर बसलेल्या. म्हणून हसू आलं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांच्या शेजारी पन्नाशीच्या पुढची एक विद्यार्थिनी बसलेली होती. ती पडद्यात वाकून म्हणाली, "माझी जोडी त्या मुलीशी लावा."

भेट संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. "कुठली हाय ती?"

"धर्माबादकडची."

"तरीच. तोंडाला लगाम न्हाई. नजर ठेवा सर तिच्यावर."

नजर ठेवायला मी हुशार. तेवढ्यासाठीच तर मला समन्वयक केलं होतं.

ती रुग्णसहायकाच्या अभ्यासक्रमाला होती, एकोणीस वर्षांची. धर्माबादहून रोज मुदखेडमार्गे रेल्वेनं यायची. आई धर्माबादच्या मिरची मार्केटात मिरच्यांचे देठ खुडायला जायची. घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं तेलुगू, आणि इंग्रजी त्याच दोन्हींच्या तालावर. तिची जोडीदार बाई वीस वर्षं एका दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धूत होती आणि आता त्रेपन्नाव्या वर्षी रुग्णसेवेचं शिकायला परत वर्गात आली होती. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात हे अगदी नेहमीचं. आमच्याकडे त्रेपन्न वर्षांची बाई वर्गात दिसली तर वॉचमन तिला विचारील, कुणाला भेटायचंय?

समन्वयक म्हणून मी प्रत्येक संभाषणाला हजर असायचो. बाकीच्या अकरा जोड्यांचं काय सांगू. आमची मुलं मी लिहून दिलेले कागद वाचायची. विविधतेत एकता, योग, एकत्र कुटुंबपद्धती. तिकडचा मुलगा विचारायचा, आज सकाळी काय खाल्लंस? आमचा मुलगा माझ्या तोंडाकडे बघायचा. उप्पिट खाल्लं म्हणायला त्याला माझी परवानगी लागत होती, आणि ती मी दिली नसती. मी त्याला खुणेनं सांगितलं, पुरणपोळी म्हण.

तिचं मात्र तसं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात विषय होता काम. ती म्हणाली, "लहानपणी माझी वेणी बाप घालायचा. आईच्या हाताला तिखट असायचं ना. आमच्या गल्लीत सगळ्या पोरींच्या वेण्या बापांनी घातलेल्या, म्हणून सगळ्या वाकड्या."

पलीकडे त्या बाईनं आपले दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. ब्लीचनं सोललेले, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. ती म्हणाली, माझ्या मुलाला मी आंघोळ घालायला गेले की तो रडायचा, माझे हात खरखरीत म्हणून. मग दोघी पाऊण तास हातांवरच बोलल्या. तेल लावावं की ताक, रात्री आग होते तेव्हा काय करायचं, रुग्णाला हात लावताना तो दचकला तर काय करायचं. या मुलीनं विचारलं, "तुम्ही शिकून नर्स झाल्या तरी हात तसेच राहतील. मग?" ती बाई म्हणाली, हाच प्रश्न मी माझ्या शिक्षकांना विचारायला भीत होते.

त्या आठ आठवड्यांत आमच्या कॉलेजात शिक्षण झालं असेल तर तेवढ्या पाऊण तासात. मी तीन हात अंतरावर बसलो होतो आणि मला काय वाटत होतं? लाज. आता तिकडं सांगत सुटतील, यांच्या बाया मिरच्या खुडतात आणि पुरुष वेण्या घालतात, असं वाटत होतं. माझी स्वतःची आई चाकूरला दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. तेही मी त्या कॉलेजात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आठव्या आठवड्यात वह्या तिकडं पाठवायच्या होत्या. मी त्या बाराही वह्या घरी नेल्या, वाचल्या आणि बारा नव्या वह्या लिहिल्या. मुलांनी त्या आपापल्या अक्षरात उतरवून काढायच्या, असं ठरलं. आमच्याकडे प्रयोगवह्या अशाच तयार होतात, प्रकल्प असेच होतात, त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलं तर उलट तपासणाऱ्याला शंका येते. तिच्या वहीत मी लिहिलं होतं, माझी आई पहाटे उठून अंगणात रांगोळी काढते आणि दारी आलेल्या पाहुण्यात देव पाहते.

ती वही घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. "सर, माझी आई कवा रांगोळी काढती? ती तर पहाटंच मार्केटला जाती."

"लिही गं. चांगलं दिसतं."

"मग मी आणि त्या बाई बोललो ते?"

"ते बोलणं झालं. वही रेकॉर्डला जाते."

"म्हणजे बोललेलं खरं न्हाई आणि लिहिलेलं खरं?"

स्टाफरूममधले दोघं-तिघं हसले. एक म्हणाला, "काय सर, मागच्या पोरी आता वकिली करून राहिल्या?" मीही हसलो. तिनं उतरवून काढली.

तोवर तिकडून तोंडी निरोप आला होता की निवड तिचीच करायची असं त्यांच्यात ठरतंय, रीतसर पत्र वह्या वाचल्यावर येईल, पासपोर्टची तयारी करून ठेवा. तिनं अर्ज केला. चौकशीला पोलीस घरी गेला तेव्हा गल्ली गोळा झाली, आई मार्केटातून पळत आली. पोलीस म्हणाला, "घाबरू नका बाई, पोरगी अमेरिकेला चालली." त्या दिवसापासून मार्केटातल्या बाया तिला नावानं हाक मारेनात. "ए अमेरिका, चहा घे की!" हे तिनंच मला सांगितलं, हसत. मी म्हटलं, छान.

मग तिकडच्या समन्वयक बाईंचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. आम्हाला या मुलीला बोलवायचंय. मात्र तिची वही वाचून तिच्या जोडीदाराला वाटलं की ही ती मुलगी नाही. बाकीच्या वह्याही एकाच माणसानं लिहिल्यासारख्या वाटतात. कुणी मदत केली असेल तर हरकत नाही, फक्त तसं कळवा, म्हणजे आम्ही संभाषणांचं रेकॉर्डिंग ऐकून निवड कायम करू.

एक ओळ लिहायची होती. वह्या मी लिहिल्या. एवढंच. ती मुलगी गेली असती.

मी पत्र घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "सर, समिती येऊन राहिली. मास्तरनं लिहिल्या म्हटलं तर बाराच्या बारा खोट्या. एकीनं कुठून उतरवली म्हटलं तर एकीचीच खोटी. बघा बाप्पा, तुम्हीच समन्वयक हाव."

त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. हे लिहायला हवं, कारण पुढं अनेक वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्यावरच ढकलत आलो. उत्तर मी लिहिलं, माझ्या टेबलावर, चहा पीत. संबंधित विद्यार्थिनीनं इंटरनेटवरून मजकूर घेतल्याचं आढळलं, कॉलेजला खेद आहे, योग्य कारवाई केली आहे. माझं इंग्रजी चांगलं आहे. वाक्य एकदाही खोडावं लागलं नाही.

तिकडं उसना मजकूर फार मोठा गुन्हा मानतात. त्यांनी तिचं आमंत्रण थांबवलं. तिला मी एवढंच सांगितलं की तिकडून जमत नाही म्हणतात. पण तिकिटाची सोय झालेली होती, म्हणून त्यांनी विचारलं, या वर्षी समन्वयकच आले तर? निदान पुढचं सहकार्य तरी सुरू राहील. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पासपोर्ट आहे का, असं विचारलं. होता. दोन महिन्यांपूर्वीच काढलेला होता. कशासाठी काढला होता, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. आता विचारतोय, तर उत्तर फार सोपं आहे.

तिकडं पोचलो आणि आधी निराशाच झाली. मी मनोरे, हिरवळी, पुतळे अशी कल्पना करून गेलो होतो. निघालं आपल्या आयटीआयसारखं, एक बसकी इमारत आणि पुढं गाड्या लावायला मैदान. समन्वयक बाई स्वतः खुर्च्या उचलून लावत होत्या. मी अकरा शाली नेल्या होत्या. ज्याला त्याला पांघरत सुटलो. डोक्यावर फेटा बांधून 'भारतीय कुटुंबव्यवस्था' या विषयावर स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडवर रांगोळी होती. लोक अदबीनं ऐकत होते. तिथं काही शिकायला मी गेलोच नव्हतो, दाखवायला गेलो होतो. आणि दाखवायला माझ्याकडे जे होतं ते मी फोटोच्या दुकानात तयार करून घेतलेलं होतं.

लाँड्रीवाली बाई शाल घ्यायला आली नाही. दुसऱ्या आठवड्यात कँटीनमध्ये ती माझ्या समोर येऊन बसली. तिनं सरळ विचारलं, "त्या मुलीनं खरंच उतरवलं होतं का?"

तिथं प्राचार्य नव्हते, समिती नव्हती. मी तोंड उघडून खरं बोललो असतो तर कुणीही मला काही करू शकत नव्हतं. मी म्हणालो, "आमच्याकडे असं चालतं. मुलांना त्यात चूक वाटत नाही. तो संस्कृतीचा फरक आहे."

 ती बाई म्हणाली, "अच्छा. मला हे माहीत नव्हतं." आणि आपला ट्रे उचलून गेली.

आंतरसांस्कृतिक शिक्षणाचा तज्ज्ञ म्हणून मी परदेशात एका माणसाला नेमकी एक गोष्ट शिकवली. आमची मुलं चोर असतात, ही. स्वतःला वाचवायला मी एका मुलीला विकलं आणि वर सगळा मुलूख विकला. आणि दुपारी फेटा बांधून परत बोललो.

परत आलो तर कॉलेजच्या फाटकावर माझा सुटातला फोटो असलेला मोठा फलक लागलेला. सत्कार झाला. त्यानंतर दोन दिवसांनी ती मुलगी स्टाफरूमच्या बाहेर थांबली होती. तिला आत बोलवायची माझी हिंमत झाली नाही, मी बाहेर गेलो.

"सर, त्या बाई भेटल्या?"

"भेटल्या ना. तुझी फार आठवण काढत होत्या."

"तुम्ही काय सांगितलं माझ्याबद्दल?"

"म्हटलं, हुशार आहे."

"मी त्यांना तीन मेसेज पाठवले. त्यांनी एकाचं बी उत्तर दिलं न्हाई. तुम्ही काय सांगितलं ते विचारून राहिले मी."

मला तास होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि तास आहे म्हणालो. तिनं वाट सोडली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही. पत्रातली 'कारवाई' कागदोपत्री दाखवायला मी फाइलीत नोंद केली होती, तिच्यामुळं तिचं प्रमाणपत्र सहा महिने अडकलं. मी सही करून सोडवू शकलो असतो, तेही केलं नाही, कारण सही करताना कुणी कारण विचारलं असतं. मार्केटातल्या बाया तिला पुढं काय म्हणाल्या असतील याचा मी विचार करत नसे. म्हणजे करत असे, पण तो आला की मी कामाला लागायचो. मी फार कामसू म्हणूनही प्रसिद्ध आहे.

अशी काही वर्षं गेली. परवा आमच्याच संस्थेच्या लातूरच्या कॉलेजातला नवा समन्वयक माझ्याकडे आला. तरुण, नम्र, हातात वह्यांचा गठ्ठा. त्यांचंही आता एका परदेशी कॉलेजशी जुळलंय. म्हणाला, "सर, तुमच्या वेळचा नमुना तुमच्या प्राचार्यांनी दिला होता, त्यावरूनच घेतल्या. एकदा नजर टाका."

मी वरची वही उघडली. माझी आई पहाटे उठून अंगणात रांगोळी काढते आणि दारी आलेल्या पाहुण्यात देव पाहते. दुसरी उघडली. तेच. अठरा वह्या, अठरा अक्षरं, एकच आई.

"ह्यांच्या आया काय करतात?" मी विचारलं.

"कुणाच्या, सर?"

"ह्या पोरांच्या."

तो गोंधळला. "ते काही विचारलं न्हाई सर. काही काढायचं का त्यातलं?"

त्याच्याकडे तुच्छतेनं पाहायचा माझा हक्क नव्हता, तरी मी पाहिलं. त्यानं काही वाईट केलं नव्हतं. त्यानं फक्त मला आदर्श मानलं होतं. मी त्याला म्हटलं, वह्या मुलांना परत दे आणि त्यांचं त्यांना लिहू दे. तो "हाव सर" म्हणून गेला. देणार नाही हे मला दिसत होतं. माझ्या सांगण्याला काही किंमत यायची असेल तर मला आधी एक पत्र लिहावं लागणार होतं.

ते दोन दिवस लिहीत होतो. खोटं पत्र एका चहात झालं होतं. शेवटी जमलं तेव्हा वाटलं, हे तिला न विचारता पाठवायचं म्हणजे पुन्हा तिच्या नावानं मीच लिहायचं. नंबर शोधला. ती आता निजामाबादला एका खासगी दवाखान्यात काम करते.

"बोला सर," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

मी सांगितलं. वह्यांचं, उत्तराचं, कँटीनमधल्या प्रश्नाचं. सगळं सांगायला चार मिनिटं लागली. पलीकडे कुणीतरी खोकत होतं, ट्रॉलीचा आवाज येत होता.

"आईला मी म्हटलं होतं, माझंच काही चुकलं असंल," ती म्हणाली. "पत्र वाचा."

मी वाचायला लागलो. एका गरीब, कष्टकरी आईच्या निरपराध मुलीवर...

"थांबा. गरीब कशाला घातलं?"

"त्यांना कळावं म्हणून."

"त्या बाईला माहिती हाय मी कोण हाय ते. काढा."

मी काढलं.

"पुढं वाचा."

माझ्याकडून एक गंभीर चूक झाली...

"चूक न्हाई. खोटं बोललो, असं लिहा. आणि आमच्याकडं असं चालतं म्हणले ना तुम्ही, ते पण लिहा. तेच आधी लिहा."

मी लिहिलं. मग मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "सलाईन संपून राहिली एका पेशंटची. ठेवते. पण आजच पाठवा. उद्या तुम्हाला पुन्हा तास असंल."

फोन बंद झाला. मी पत्र त्या लाँड्रीवाल्या बाईंना पाठवलं, त्यांच्या कॉलेजला पाठवलं आणि त्याची प्रत आमच्या प्राचार्यांना. पाच मिनिटांत प्राचार्यांचा फोन आला.

"सर, हे काय करून राहिले तुम्ही?"

मी सांगायला लागलो.